यरीहोच्या वाटेवर अडलेली गोष्ट

उजव्या झांजेच्या काठावर, अंगठा टेकतो तिथून दोन बोटं अंतरावर, तांदळाच्या दाण्याएवढी एक खाच होती. मुअल्लिम वनीस त्या खाचेवरून उजवी कुठली, डावी कुठली ते ओळखत. नवव्या वर्षी त्यांचे डोळे आले, सुजले आणि गेले. अकराव्या वर्षी त्यांना चर्चमधल्या म्हाताऱ्या, तितक्याच आंधळ्या गायकाच्या हाताखाली बसवलं. त्याला आता सत्तेचाळीस वर्षं झाली. म्हातारा गेल्यावर 'मुअल्लिम', म्हणजे उपासनेतला मुख्य गायक, हे नाव आणि झांजा दोन्ही वनीसकडे आली. एवढ्या वर्षांत उपासनेत त्यांचा एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता.

या शुक्रवारी मात्र झांज वेगळ्याच कामाला लागली होती. शाळेत विज्ञान शिकवणारी दमियाना कैरोहून गोष्ट सांगायची एक नवी रीत शिकून आली होती. ती लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांसाठी होती. गोष्ट सांगायची, मध्येच थांबायचं आणि विचारायचं, पुढे काय होईल? तुम्ही असता तर? उत्तर काहीही येवो, चूक म्हणायचं नाही. वाद झालाच तर एवढंच म्हणायचं, "हे गोष्टीत आहे का?" शुभवर्तमान मुअल्लिमांना तोंडपाठ, म्हणून सांगायचं त्यांनी. थांबायची जागा आली की झांजेवर एक ठोका.

"वाक्य अर्ध्यात तोडायचं, पोरी?" त्यांनी सकाळीच विचारलं होतं.

"अर्ध्यात नाही, मुअल्लिम. प्रश्न झाला की थांबायचं. उत्तर बायकांना शोधू द्यायचं."

"उत्तर तर लिहिलेलंच आहे की."

दमियाना नुसती हसली. मुअल्लिमांना काहीच उमगलं नाही.

न उमगण्याचा हा काळच होता. त्यांची भाची असियूत शहरातल्या इस्पितळात परिचारिका होती. तिथल्या डॉक्टरांनी डावा डोळा तपासून सांगितलं होतं की बुबुळ बदलता येईल. दिसेल ते ओल्या काचेतून दिसावं तसं, कदाचित त्याहून थोडं बरं. औषधाचे थेंब जन्मभर घालायचे. शरीरानं नवं बुबुळ नाकारलं, तर पुन्हा अंधार. मुअल्लिम तीन वर्षं "सणानंतर सांगतो" म्हणत आले होते. सण येत होते, जात होते. आता भाचीनं निक्षून कळवलं होतं, रविवारपर्यंत हो की नाही ते सांगा, नाहीतर नंबर दुसऱ्याला जाईल. त्यांची बायको इंसाफ हिनं मात्र पिशवी केव्हाच भरून दाराशी ठेवली होती.

चर्चच्या दालनात पंधरावीस बायका चटयांवर बसल्या होत्या. चहाचे पेले किणकिणत होते. मुअल्लिमांनी घसा खाकरला आणि यरीहोच्या वाटेवर बसणाऱ्या आंधळ्याची गोष्ट सुरू केली. येशू चालला आहे हे ऐकून तो ओरडू लागला, लोकांनी दटावलं तसा आणखीच ओरडला. मग येशू थांबला, त्याला बोलावलं आणि विचारलं, "मी तुझ्यासाठी काय करावं असं तुला वाटतं?"

झांज वाजली.

"आता सांगा," दमियाना म्हणाली, "तो काय मागेल?"

"हा काय प्रश्न झाला?" जलीला आजी म्हणाली. "आंधळा डोळेच मागणार. टकल्याला कंगवा हवाय का, असं विचारतं का कुणी?"

हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, "मी असते तर भाकरी मागितली असती. भिकाऱ्याला डोळे मिळाले, तर दुसऱ्या दिवशी भीक कोण घालणार?"

"आणि डोळे मिळाल्यावर तो घरी गेला का गं?" हा आवाज इंसाफचा होता.

"गोष्टीत आहे का?" दमियानानं विचारलं.

"मुअल्लिम, आहे का?" जलीला आजीनं विचारलं.

"नाही," मुअल्लिम म्हणाले. "तो येशूच्या मागून वाटेनं गेला."

"बघा!" इंसाफ म्हणाली. "बायको बिचारी चूल पेटवून बसली असेल."

आता हसू आवरेना. तेवढ्यात जलीला आजी म्हणाली, "अहो, पण आपल्यात विचारण्यासारखा माणूस तर समोरच बसलाय. मुअल्लिम, तुम्ही काय मागाल?"

"आजी, सांगणाऱ्याला विचारायचं नसतं," दमियाना पुटपुटली.

मुअल्लिमांनी पुढचं वाक्य सांगून टाकायचं ठरवलं. ओळ जिभेवर होती. 'गुरुजी, मला पुन्हा दिसावं.' पण ती बाहेर येईना. आता म्हटली, तर बायका ती गोष्टीतल्या आंधळ्याची धरतील की आपली? आजवर शेकडो वेळा गायलेली ओळ, आणि आपण तिचे मालक आहोत की हमाल, हे त्यांना या घटकेला कळेना.

"विसरले की काय?" कुणीतरी कुजबुजलं. "मुअल्लिम आणि विसरले?"

कानशिलं तापली. ते घाईघाईनं आठवू लागले. ओळ नव्हे, स्वतःला. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं होतं, पण तुम्हाला काय हवं, ते विचारलं नव्हतं. भाचीनं मुदत घातली होती. इंसाफनं विचारलं होतं, कुठला झगा घालणार? तो यरीहोचा माणूस लोकांनी दटावलं तरी ओरडत राहिला. आपण कधी ओरडलो होतो? नवव्या वर्षी, हो, चार महिने. आणि त्यानंतर? त्यांनी प्रामाणिकपणे वर्षामागून वर्ष चाचपून पाहिलं. सापडेना. भीतीनं गप्प बसलो की नको होतं म्हणून? तेही नीट कळेना. एवढंच कळलं, की इतक्या वर्षांत एकदाही ओरडावंसं वाटलं नव्हतं.

"मुअल्लिम, पाणी देऊ?" दमियानानं विचारलं.

"नको." त्यांनी झांजा मांडीवर ठेवल्या आणि एकही शब्द न गाळता ओळ म्हटली. "तो म्हणाला, गुरुजी, मला पुन्हा दिसावं. हे त्याचं उत्तर. गोष्टीत आहे."

"हां, मग बरोबर," जलीला आजी म्हणाली. "आणि तुमचं?"

मुअल्लिमांनी इंसाफचा आवाज जिकडून आला होता तिकडे तोंड वळवलं.

"पिशवी रिकामी कर," ते म्हणाले. "मी असियूतला जाणार नाही."