झोळीवाला नवशा

"बाबा, आता हिच्यात बसून बघा," असं म्हणत सपनाने चाकाची खुर्ची नवशासमोर आणून उभी केली.

नवशा बसला नाही. चांगल्या हाताने भिंत धरून तो तसाच उभा राहिला. चैत्रात लकवा आला आणि डावं अंग लुळं पडलं, तेव्हापासून आज प्रथमच तो जव्हारला आला होता. अपंगांना साहित्य देण्याचं शिबिर होतं. सपना ते मापून द्यायला आलेली मुलगी.

त्याच्या लेकीला, रंजनाला, खुर्ची फार आवडली होती. "बस ना बा. राजावानी दिसशील."

"राजाला उचलाय माणसं होती," नवशा म्हणाला.

वांगणीच्या वरच्या पाड्यावर, नवशाच्या घरापर्यंत, गाडी जात नाही. आजारी माणसाला चादरीच्या झोळीत घालायचं, बांबू खांद्यावर घ्यायचा आणि रस्त्यापर्यंत उतरवायचं. मिसरूड फुटल्यापासून पुढचा खांदा नवशाचा. झोळी मध्ये टेकवायची नाही, खांदा बदलायचा तोही चालता चालता, हा त्याचा नियम. तो एकदाच मोडला होता. झोळीत त्याची बायको सकू होती, आणि रंजना रस्त्याची वाट न बघता मोहाच्या झाडाखालीच जन्मली.

आज सकाळी तो स्वतः झोळीतून डोंगर उतरला. आतून वाट दिसत नाही. वर बांबू, सागाची पानं आणि आभाळाचा तुकडा, एवढंच. आजारी माणसं सारखी "कुठवर आलो रे?" विचारायची आणि तो वैतागायचा. आज त्यानेही दोनदा विचारलं.

सकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात आता तो, रंजना आणि जावई विनोद. दिवाळीनंतर नवरा-बायको भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची. रंजनाने स्पष्ट सांगितलं होतं, तुझं तुला उठता-फिरता आलं तर ठीक, नाहीतर तुलाही भट्टीवर नेणार. भट्टी नवशाने पाहिली होती. ताडपत्रीचं खोपट, अंगावर राख, आणि ओळखीचं एक झाड नाही. त्याला तिथे मरायचं नव्हतं.

सपनाने घर कसं आहे ते विचारलं. उंबरा गुडघ्याएवढा, अंगणात दगड, ओढ्याकडे उतार. ऐकून ती म्हणाली, मग खुर्ची नुसती कोपऱ्यात बसून राहील. तिने त्याला इमारतीमागच्या चढावर नेलं. वॉकरला दोन हात लागतात, त्याची डावी मूठ वळेना. चार पायांची काठी फरशीवर झकास चालली, पण दगडावर तिचा एक पाय अधांतरी राहून ती डुगडुगायला लागली. मग तिने कोपरात अडकणारी कुबडी दिली. नवशा चढला, थांबला, दम खाल्ला, उतरला. घामाने निथळत होता.

"ही माझी," तो म्हणाला.

"आणि ही रात्रीसाठी," म्हणत सपनाने आणखी एक खुर्ची पुढे केली. मधे भोक, खाली भांडं. नवशाने तोंड फिरवलं.

रंजना हळू आवाजात म्हणाली, "बा, रातचं बाहेर पडलास नि कुठं आपटलास, तर मना तिकडं कोण सांगंल?"

त्याने पुन्हा त्या भांड्याकडे पाहिलं. झोळीत म्हाताऱ्या बायकांकडून चादर ओली व्हायची, त्या लाजेने रडायच्या. रडू नको आजी, धुतली की झालं, असं तो म्हणायचा आणि परतताना ओढ्यावर चादर स्वतः धुवायचा. किती सहज म्हणायचा!

"घे," शेवटी तो म्हणाला. "पण पाड्यात सांगू नको कशाची हाय ती."

"देवाची हाय म्हणून सांगते," रंजना म्हणाली, आणि दोघंही हसली.

तिसऱ्या प्रहरी जीपमधून उतरले तेव्हा पाड्यावरची पोरं झोळी घेऊन उभी होती. नवशाने झोळीत खुर्ची ठेवायला लावली आणि आपण कुबडी टेकत मागून निघाला. खालच्या पाड्यावर काळी नावाची बाई तांब्या घेऊन बाहेर आली. दारावरून झोळी गेली की आतल्या माणसाला पाणी पाजायचं, ही तिकडची रीत.

"आत कोण हाय?" तिने विचारलं.

"खुर्ची हाय. पाणी मना दे."

तो उभ्यानेच प्यायला. तेवढ्यात रंजना काळीला बाजूला घेऊन बोलताना त्याच्या कानावर आलं. "दिवाळीनंतर आमी जाऊ. बाला दोन येळ बघशील ना?"

"जा तू. मी हाय," काळी म्हणाली.

म्हणजे ठरलं होतं. त्याला हेच हवं होतं. तरी तांब्या परत देताना त्याला रंजनाकडे बघवेना.

चढ लागला तशी पोरं थांबली. खुर्ची आमी डोक्यावर घेतो, तू आत बस आजा, म्हणाली.

"आणखी थोडं चालतो," नवशा म्हणाला.

रंजना त्याच्या डाव्या अंगाला येऊन चालू लागली. पुढे पोरांनी पावलं आखडती घेतली, आणि खुर्चीची झोळी त्याच्या चालीने हळूहळू डोंगर चढू लागली.