सहा नोव्हेंबरची नोंद

माझी धाकटी बहीण श्यामला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची, आणि घरामागच्या तळ्यावर काय येतं, काय जातं ते वहीत लिहायची. आम्ही दोघंही कलकत्त्यात जन्मलेले, दोघंही बिनलग्नाचे. वडील रेल्वेच्या नोकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. बेहालाची ट्राम संपते त्याच्याही दक्षिणेला त्यांनी घर बांधलं. मागे तळं, बांबूचं बेट, दोन आंबे. श्यामला रोज उजाडायच्या आत तळ्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसायची.

१९६२पासून दर वर्षाची एक वही. दुर्गापूजेच्या सुमाराला धोबी पक्षी शेपूट हलवत येत, त्याची तारीख. माघात शेवर फुलली की मैनांची भांडणं. वैशाखातल्या वादळात कावळ्याचं घरटं पडलं आणि त्यातून कोकिळेचं पिल्लू वाचलं, ते. पावसाळ्यात पाणकोंबडीला कोळशासारखी काळी पिल्लं किती झाली, त्यातली घोरपडीने किती नेली. प्रत्येक नोंदीला वेळ आणि दिशा. मी विचारायचो, "याचं करणार काय तू?"

"करायचं काय, दादा? दिसतं ते लिहायचं."

सत्तर साली दिवस वाईट आले. भिंतीभिंतींवर नक्षलवाद्यांच्या घोषणा, शाळा अर्ध्या बंद, अंधार पडायच्या आत गल्लीतली दारं लागायची. मी सकाळी बाहेर बसू नकोस म्हणालो. ती म्हणाली, "पक्ष्यांना सांग तसं, मग मलाही सांग."

सहा नोव्हेंबरच्या सकाळी ती धापा टाकत आत आली. तळ्यापलीकडच्या घरातला तपन, कॉलेजात जाणारा, आणि त्याच्याकडे उतरलेला एक मुलगा, दोघांना पोलिसांनी गाडीत घालून नेलं होतं. तिने ते पाहिलं आणि तिथल्या तिथे लिहिलं: "६.०५. पाणकोंबडी एक, मोठी झालेली पिल्लं दोन, पूर्वेच्या काठाला. ६.१२. पोलिसांची निळी गाडी. तपन आणि दुसरा एक मुलगा, दोघांना हात बांधून नेलं. दोघंही चालत होते. पाणकोंबडी बेटात पळाली."

तपनची आई ठाण्यात गेली, तर तिला सांगितलं, असा कुणी मुलगा आम्ही आणलेला नाही, तुमचाच कुठे पळाला असेल. आठवडाभर हेच उत्तर. शेवटी ती आमच्या ओट्यावर येऊन रडायला लागली. श्यामला तिला म्हणाली, "माझ्याकडे लिहिलेलं आहे. सांगा त्यांना, शाळेच्या दीदीमोनीने वेळेसकट लिहिलंय."

तपनच्या आईने ठाण्यात तसं सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पोलीस आमच्या दारात. पक्ष्यांच्या नवाच्या नऊ वह्या त्यांनी पोत्यात भरल्या आणि आम्हाला ठाण्यात यायला सांगितलं. श्यामलाने जाताना शाळेत रजेची चिठ्ठी पाठवली. कारण लिहिलं, "ठाण्यात काम आहे."

दारोगा हलदार टेबलामागे बसले होते. त्यांचा बिहारी हवालदार देवनागरी वाचत होता, कळत काही नव्हतं.

"लाल बु. चार. पूर्वेकडून. आंब्यावर," तो अडखळत म्हणाला.

"हे चार लाल कोण?" दारोगांनी विचारलं.

"बुलबुल," श्यामला म्हणाली. "बुडाशी लाल असतात. तुमच्या ठाण्याच्या जांभळावरही आहेत दोन."

"ही सांकेतिक भाषा आहे."

"ही मराठी आहे. वाचून दाखवते."

आणि तिने १९६२ची वही उघडली. एकेक ओळ मराठीत वाचायची, मग बंगालीत सांगायची. पहिला हिवाळा, पहिला पावसाळा. किती वाजता खंड्या, कुठल्या फांदीवर. अर्धा तास झाला, तास झाला. हवालदार भिंतीला टेकून ऐकायला लागला. मध्येच म्हणाला, "आमच्या गावाकडेही येतो हा." दारोगांनी त्याच्याकडे पाहिलं तसा तो ताठ झाला.

"पुरे," दारोगा म्हणाले.

"पुरे कसं? नऊ वर्षं पोत्यात घालून आणलीत, आता नऊ वर्षं ऐका."

"सत्तरची वही काढा. सहा नोव्हेंबर."

म्हणजे लाल बुलबुलांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. तिने ते पान काढलं आणि तेही तसंच वाचलं, आवाज न बदलता.

दारोगांनी टोपण काढून पेन तिच्यापुढे ठेवलं. "गाडीच्या ओळी खोडा. खाली सही करा. वह्या घ्या आणि घरी जा."

मी खालच्या आवाजात मराठीत म्हणालो, "श्यामला, खोड बाई. चार ओळी तर आहेत."

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मला बसल्या जागी लाज वाटली. "दादा, धोबी पंधरा ऑक्टोबरला आले, तेही खोडू का? ते मी डोळ्यांनी पाहिलं, हेही डोळ्यांनी पाहिलं." मग दारोगांना बंगालीत म्हणाली, "नाही खोडणार."

दारोगांनी वही ओढली, पान टर्रकन फाडलं, खिशात घातलं. क्षणभर मला वाटलं, सुटलो. श्यामलाने तेच पेन उचललं, वही पुन्हा जवळ घेतली आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आत त्या ओळी जशाच्या तशा लिहून काढल्या. खाली लिहिलं, "मूळ पान आज ठाण्यात माझ्यासमोर फाडलं." मग भिंतीकडे पाहून विचारलं, "घड्याळ बरोबर आहे ना तुमचं?" आणि वेळ टाकली.

"हेही फाडेन मी."

"फाडा. घरी जाऊन पुन्हा लिहीन. शाळेत फळ्यावर लिहीन. तुमच्या ठाण्यातल्या निम्म्यांच्या मुली माझ्या वर्गात आहेत."

दारोगांनी आपलं पेन ओढून घेतलं, टोपण लावलं. मग हवालदाराला म्हणाले, "जाऊ दे यांना." पोतं मीच उचललं.

दुसऱ्याच दिवशी ती तपनच्या आईला घेऊन वकिलाकडे गेली. शपथेवर जबाब दिला. न्यायालयात सरकारी वकिलाने विचारलं, बाई, वेळ मिनिटापर्यंत कशी आठवते? ती म्हणाली, "आठवत नाही. लिहिलेली आहे." त्या हिवाळ्यात तळ्याकाठी पोलीस बसवला. ती रोज त्याच्यासमोर बसायची आणि त्याचीही नोंद करायची: "पोलीस एक, बेटाजवळ, ६.२०." पुढे पुढे मीही खुर्ची घेऊन शेजारी बसायला लागलो. पक्षी मला ओळखू येत नसत, पण ती एकटी दिसू नये.

जानेवारीत पोलिसांनी तपन तुरुंगात असल्याचं मान्य केलं, वीस नोव्हेंबरला दुसरीकडेच पकडला म्हणून. बहात्तरच्या शेवटी तो घरी आला. उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती, पण आला. त्याच्याकडूनच दुसऱ्याचं नाव कळलं, अनिमेष. त्या सकाळीच दोघांना वेगळं केलं होतं. अनिमेष कुणालाच पुन्हा दिसला नाही.

त्याचे वडील बजबजच्या ज्यूट गिरणीत होते. पत्ता शोधायला आम्हाला तीनदा लोकलने जावं लागलं. म्हातारा दारातच उभा होता. मुलगा स्वतःहून घर सोडून गेला, असं त्याला पोलीस दोन वर्षं सांगत आले होते. श्यामलाने पुठ्ठ्यावरची नोंद बंगालीत वाचली. तो म्हणाला, "चालत होता? नक्की?"

"चालत होता. ताठ चालत होता."

"हे मला लिहून द्या. पक्ष्यासकट, जसं आहे तसं."

तिने ओट्यावर बसून बंगालीत लिहिलं, तारीख, वेळ, सगळं, आणि सही केली. मी तिच्या हातातून पेन घेतलं आणि साक्षीदार म्हणून खाली माझं नाव लिहिलं, पूर्ण, पत्त्यासकट.