रविवारची रेघ

वस्तादांनी पिंजऱ्याचं झाकण सरकवलं, आत हात घातला आणि पांढरा उंदीर अलगद उचलून तळहातावर ठेवला. उंदीर बसला तो बसला. मिशीसुद्धा हलली नाही.

"बघा," वस्ताद म्हणाले. "मूर्ती आहे मूर्ती."

बाकांवरच्या सातआठ जणांनी माना डोलावल्या. प्रयोगशाळेच्या प्राणिगृहात अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला प्रशिक्षण द्यायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. पण नवा नियम आला होता. प्राण्याला हात लावणारा साहेब असो की पिंजरे धुणारी बाई, प्रत्येकाने प्रात्यक्षिक द्यायचं. पास झाला तर ठीक. नाही तर भुसा उचला, बाटल्या भरा, उंदराला हात लावायचा नाही.

वस्तादांच्या हाताची कीर्ती मोठी. एकदा म्हणे तीस उंदीर सुटले, तर वस्तादांनी नुसता घसा खाकरला आणि तीसच्या तीस आपापल्या पिंजऱ्यात नंबरवार परत गेले. निम्मं खोटं धरलं तरी पंधरा उंदीर उरतातच.

परीक्षा घेणारी पशुवैद्य बाई त्यांच्या मुलीच्या वयाची होती. ती ना वस्तादांकडे बघत होती, ना उंदराकडे. ती पडद्याकडे बघत होती. त्या उंदराच्या पोटात शेंगदाण्याएवढं यंत्र बसवलेलं होतं आणि ते त्याच्या काळजाचे ठोके पडद्यावर पाठवत होतं.

"खाली ठेवा त्याला, वस्ताद."

"का? झोपलाय बिचारा."

"डोळे उघडे आहेत त्याचे." तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. "मिनिटाला चारशे ऐंशी ठोके. एरवी तीनशे वीसच्या आसपास असतात. तो शांत नाही बसलेला. भीतीने थिजलाय."

"वस्तादांना बघून आम्हीपण थिजतो, बाई!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने वस्ताद हसले.

"यंत्र बिघडलंय," ते म्हणाले.

बाईंनी पिंजरे धुणाऱ्या ताईंना पुढे बोलावलं. ताई कामाला लागून आठ महिने झाले होते. त्यांनी ओले हात पुसले, पिंजऱ्यात हात टेकवला आणि नुसत्या बोलत राहिल्या, "ये रे लबाडा. रुसलास होय? बरं, नको येऊ जा." उंदीर घुटमळला, मग बाहीवरून खांद्यावर चढला, गळपट्टीत नाक खुपसलं आणि वर मुतलाही.

"हे काय धरणं झालं?" वस्ताद म्हणाले. "शिस्त म्हणून काही नाही!"

पडद्यावर चारशे. मग तीनशे साठ. मग तीनशे चाळीस.

"यंत्राची न् ताईंची ओळख दिसतेय," वस्ताद म्हणाले.

या वेळी कुणी हसलं नाही.

"याच्या ठोक्यांची मागच्या आठवड्याची नोंद आहे माझ्याकडे," बाई सावकाश म्हणाल्या. "पण ती तुम्हाला एकट्याला दाखवीन. नंतर."

"आत्ताच दाखवा. होऊन जाऊ दे."

पडद्यावर सात रेघा आल्या, एकाखाली एक. सोमवारपासून ओळीने रेघा सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी भिंतीसारख्या ताठ वर चढल्या होत्या.

"आठ दहाला काय होतं?" बाईंनी विचारलं.

वस्तादांनी ओठांवरून जीभ फिरवली. "कुलूप उघडतो मी."

"नुसतं कुलूप. तेव्हा तुम्ही पिंजऱ्याजवळही नसता."

वस्तादांचं बोट पडद्याला न टेकता खाली खाली आलं आणि शेवटच्या रेघेपाशी थांबलं. ती सपाट होती.

"ही?"

"रविवार. तुमची सुट्टी."

"रविवारी कोण उघडतं?"

"मी," ताई फरशीकडे बघत म्हणाल्या, जणू चोरीच कबूल करत होत्या.

वस्तादांनी बोट मागे घेतलं.

"पण चावला नाही हो," ते म्हणाले. "अठ्ठावीस वर्षांत एकसुद्धा चावला नाही मला."

"हो," बाई हळूच म्हणाल्या. "चावायलाही धीर लागतो, वस्ताद."

कागदावर बाईंनी 'नापास' लिहिलं आणि खाली शेरा मारला: तीन आठवडे ताईंच्या हाताखाली, मग पुन्हा परीक्षा.

संध्याकाळी वस्ताद जिना चढत होते तेव्हा तिसऱ्या मजल्यावरून धपाधप आवाज येत होता. घर त्यांचंच. नात पलंगावरून उड्या मारत होती, सून ओरडून गुण देत होती, "दहापैकी चार!", आणि बायको हसत होती. हसता हसता तिला उचकी लागली होती. बायको असं हसते, हे ते विसरूनच गेले होते.

त्यांनी बेल वाजवली.

दार उघडलं तेव्हा पलंगावरची चादर ताठ होती. सून स्वयंपाकघरात वळली होती. बायकोच्या हातात पाण्याचा पेला होता. आणि नात खुर्चीच्या कडेला, हात मांडीवर ठेवून बसली होती. इतर दिवशी याच दृश्याने त्यांना बरं वाटायचं. माझ्या घरात आवाज नसतो, असं ते चारचौघांत सांगायचे.

आज ते चपला न काढता तसेच उभे राहिले. नातीची पापणी लवत नव्हती.

"उड्या मारत होतीस ना?" त्यांनी जमेल तितक्या हळू विचारलं.

"नाही आजोबा."

"मार की. मी काही म्हणत नाही."

नातीने आजीकडे पाहिलं. आजीने सुनेकडे. जागचं कुणी हललं नाही.

"जरा खाली जाऊन येतो," वस्ताद म्हणाले. "दूध आणायचं राहिलं."

"दूध आहे की घरात," बायको बोलून गेली आणि लगेच म्हणाली, "आणा, आणा. लागेलच."

त्यांनी दार ओढून घेतलं. दोन पायऱ्या उतरले आणि कठडा धरून थांबले. आत बराच वेळ काहीच नाही. मग दाराच्या अगदी पलीकडून बारीक आवाज आला:

"आजी, गेले?"