सवतीचा उसासा

अप्पांनी ती मोटरसायकल घेतली, तेव्हा आई त्यांना माहीतसुद्धा नव्हती. त्यामुळे थोरली ती, आणि सवत म्हणून आलीस ती तू, असं अप्पा आईला आयुष्यभर चिडवत आले. आईही काही कमी नव्हती. "असू दे थोरली. पण तिला रोज आंघोळ कोण घालतं?" असं विचारून ती त्यांचं तोंड बंद करायची. आणि ते खरंच होतं. सकाळची प्रार्थना झाली की मऊ फडकं घेऊन आई अंगणात यायची आणि सवतीला पुसून लख्ख करायची. ताप असो, पाहुणे असोत, तो नेम कधी चुकला नाही.

अशा त्या गाडीला गेल्या आठवड्यात घरातल्या कोणाची दृष्ट लागली, कोण जाणे. गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर अप्पा चांगले वेगात होते आणि इंजिनने एकदम दातखीळ बसल्यासारखं केलं. मागचं चाक फरफटलं. अप्पा पडले नाहीत, खरचटलंसुद्धा नाही. पण गाडी ढकलत घरी आणली तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरलेला होता. किल्ली त्यांनी थोरल्या मुलाच्या, दादाच्या हातात ठेवली आणि एवढंच म्हणाले, "मी ऑइल घालायचं विसरलो असणार."

टू-स्ट्रोकच्या या जुन्या इंजिनाची रीतच तशी. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून टाकीत ओतायचं. ते राहिलं की पिस्टन कोरडा पडतो, तापतो, फुगतो आणि सिलिंडरमध्ये अडकून बसतो. मेकॅनिक म्हणतात, इंजिन सीझ झालं. अप्पांनी त्या दिवशी ऑइल घातलं होतं का? त्यांना शपथेवर सांगता येईना. जे हात रोज करतात ते डोक्यात कुठे राहतं? पण अप्पांनी त्याचा अर्थ वेगळाच लावला. भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायचं त्यांनी सोडलं. "राहू दे, मी विसरेन." बाजारात जायचं सोडलं. "तूच जा बाई, मी भलतंच काहीतरी आणेन." आई स्वयंपाकघरात उभी राहून बंद पडलेल्या घड्याळाकडे बघायची आणि पुन्हा कामाला लागायची.

दादा घाबरला होता. रस्त्यावरचा तो टायरचा काळा पट्टा त्याने डोळ्यांनी पाहिला होता. त्याने जुन्या गाड्यांचा शौक असलेले एक गृहस्थ गाठले आणि गाडी देऊन टाकायचं ठरवलं. अप्पा हो म्हणाले. त्यांनी लगेच हो म्हणावं, याचंच सगळ्यांना वाईट वाटलं.

धाकटी मुलगी त्या वेळी कामासाठी बाहेरगावी होती. तिचं दोन गल्ल्यांपलीकडे स्वतःचं गॅरेज होतं. लहानपणी ही बेअरिंगमधल्या गोळीसारखी घरभर घरंगळायची म्हणून अप्पा तिला छर्रा म्हणत, आणि आता ती गॅरेजची मालकीण झाली तरी छर्राच म्हणत. ज्या दिवशी दुपारी ते गृहस्थ गाडी न्यायला येणार होते, त्याच सकाळी ती परत आली.

"इंजिन उघडून बघितलं का कोणी?" तिने पिशवी खाली ठेवायच्या आधीच विचारलं.

"उघडायचं काय त्यात?" दादा म्हणाला. "कळलंच आहे सगळं."

"कोणाला कळलंय? तुला? तुला तर सायकलची चेन बसवता येत नाही."

"हे बघ, टोमणे नकोत. अप्पा वाचले, एवढं मला पुरे आहे."

"मलाही. पण ते खरंच विसरले का, हे पिस्टन सांगेल ना. ते गृहस्थ येईपर्यंत गाडी माझी."

दादाने किल्ली दिली. अप्पा आत खुर्चीवर बसून होते. त्यांनी मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

धाकटीने अंगणातच चटई पसरली. हेड काढलं, मग सिलिंडरभोवती लाकडी हातोडीने हळूहळू ठोकत, तो उपसून वर घेतला. पिस्टन उघडा पडला तशी ती गुडघ्यांवर बसली आणि श्वास रोखून बघत राहिली.

"ओरखडे आहेत ना?" दादा खांद्यावरून वाकला. "म्हणजे ऑइल नव्हतं."

"थांब. कुठे आहेत ते बघ. सायलेन्सरकडच्या बाजूला. फक्त तिथेच. बाकी पिस्टन कसा आहे? गुळगुळीत. ऑइल नसतं तर चारी बाजूंनी सोलून निघाला असता." तिने पिस्टनच्या दांड्याखाली, खोल बेअरिंगपर्यंत बोट घातलं आणि बाहेर काढलं. बोट चकचकत होतं. तिने ते दादाच्या नाकाखाली धरलं. "वास घे! ऑइल! भरपूर!"

दादा चमकला, पण लगेच मागे सरला. "कमी घातलं असेल. अर्धवट विसरणं म्हणजे विसरणंच की."

हेही खोटं नव्हतं. धाकटीला ते कळत होतं. ऑइल होतं एवढ्याने भागणार नव्हतं. मग इंजिन अडकलं कशाने, ते सापडायला हवं होतं. नाहीतर अप्पा मान हलवतील आणि पुन्हा खुर्चीत बसतील.

एकच बाजू भाजली, म्हणजे इंजिन तापलं. या इंजिनाला पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमीच पोचतं, आणि मग ते तापतं. तिने कार्बोरेटर उतरवला. पेट्रोल साठतं ती तळाची वाटी उघडली. वाटी कोरडी ठणठणीत!

"दादा, टाकीत पेट्रोल किती होतं?"

"गळ्यापर्यंत. मीच कॅनमध्ये उपसून ठेवलंय."

टाकी गळ्यापर्यंत भरलेली आणि खाली वाटी कोरडी! मग वाटेत कुठे अडलं? पेट्रोल ज्या बारीक भोकातून जातं तो जेट तिने उजेडात धरला, साफ. टाकीखालच्या पेट्रोल कॉकची जाळी बघितली, साफ. नळी फुंकली, मोकळी. तिने घाम पुसला आणि नाकाला काळा पट्टा लागला. मग काहीतरी सुचून ती तडक आत गेली.

"अप्पा, गाडी अडकायच्या आधी काय झालं? सगळं सांगा."

"सांगून काय होणार आहे, छर्रा?"

"मला हवंय. गिऱ्हाईक सांगतं तसं सांगा."

अप्पा सांगू लागले. "चढ नव्हता, तरी ती दमल्यासारखी करत होती. मग आवाज एकदम बारीक झाला, टोकदार. आणि चाक अडकलं."

"मग?"

"मग काय, क्लच दाबला, चाक सुटलं."

"विचार करून?"

"विचार करायला वेळ असतो का? हात जातोच." आणि ते बोलता बोलता स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत राहिले.

"मग?"

"बाजूला उभी केली, कॉक बंद केला. टाकी उघडून वास घेतला, ऑइल आहे का बघायला. काही कळेना. बसून राहिलो उसासे टाकत."

"उसासा कधी टाकला? टाकी उघडल्यावर की उघडताना?"

"उघडताना. हुस्स करून."

"तुम्ही टाकलात की टाकीने टाकला?"

अप्पा खुर्चीत ताठ झाले.

धाकटी धावत अंगणात गेली. "दादा, कॅन आण! काचेची बरणी आण! आई, तूही ये!" तिने पेट्रोल पुन्हा टाकीत ओतलं, झाकण घट्ट लावलं, बरणी दादाच्या हातात दिली आणि कॉक सोडला. पेट्रोलची धार बरणीत पडू लागली. चांगली बोटभर धार.

"पडतंय की!" दादा म्हणाला.

"बघत राहा."

धार काडीएवढी झाली. मग दोऱ्याएवढी. मग थेंब. एक थेंब नळीच्या तोंडाशी लोंबकळला आणि तिथेच राहिला.

"थांबलं!" दादा ओरडला. "अगं, थांबलं! टाकी तर भरलेली आहे!"

धाकटीने झाकणाला हात घातला आणि फिरवलं.

हुस्स!

"हाच!" दारातून आवाज आला. अप्पा उभे होते, अनवाणी, एक हात चौकटीवर. "हाच तो! मला वाटलं मीच!"

बरणीत धार पुन्हा धो धो सुरू झाली होती. दादाचं लक्ष नव्हतं, पेट्रोल त्याच्या मनगटावरून ओघळत होतं.

"टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं," धाकटी झाकण उलटसुलट करत म्हणाली. "त्यातून हवा आत जाते, तेव्हा पेट्रोल खाली उतरतं. ते बुजलं की टाकी श्वास कोंडून बसते. आणि आपल्या झाकणाचं भोक... मला दिसतच नाहीये. आई, टाचणी दे."

आईने पदराची टाचणी काढून दिली. चांदीसारख्या चमकणाऱ्या त्या झाकणावर धाकटीने टाचणीने शोधलं, टोचलं, आणि पांढऱ्या खडूसारखा एक बारीकसा तुकडा उकरून तळहातावर घेतला. सगळे वाकून बघू लागले. तो वाळलेल्या पॉलिशचा तुकडा होता.

गाडीला रोज कोण पुसतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. आई आपणहूनच खाली बसली. "जुन्या गाड्यांच्या मेळ्यात न्यायची म्हणून झाकण रोज घासत होते मी. म्हणजे मी..."

"पॉलिशची ट्यूब मी आणली होती," दादा घाईघाईने म्हणाला. "म्हटलं, नुसत्या फडक्याने काय होतंय."

अप्पा हसायला लागले. आधी आवाज न करता, मग खांदे हलवत, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "शेवटी सवतीचा गळा आवळलासच की गं!"

"अहो, पण वर तुम्ही बसला होतात ना!" आईला रडू आणि हसू एकदमच आलं.

"पडलो का? हात गेला ना क्लचवर?" त्यांनी डावा हात सगळ्यांसमोर उघडला आणि मिटला. "आणि ऑइल घातलं होतं. काय छर्रा?"

"मोजून, अप्पा. बेअरिंग न्हालंय."

पुढचं काम म्हणजे नुसती धावपळ होती. धाकटीने गॅरेजमधून सामान आणलं, सिलिंडरला चिकटलेलं पिस्टनचं अॅल्युमिनियम उतरवलं, पिस्टनचे ओरखडे बारीक पॉलिश कागदाने घासून काढले, नव्या रिंगा घातल्या. अप्पा शेजारी बसून पाने हातात देत होते, आणि तिने मागायच्या आधी देत होते. ते शौकीन गृहस्थ टेम्पो घेऊन आले तेव्हा शेवटचे नट आवळणं चाललं होतं.

"तुम्हाला हेलपाटा पडला," अप्पा त्यांना म्हणाले. "ही जायची नाही. पण गोष्ट ऐकून जा."

गृहस्थांनी गोष्ट ऐकली, झाकण हातात घेऊन बघितलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "अहो, आमच्याकडेसुद्धा सगळ्या गाड्यांना मीच पॉलिश करतो!" असं म्हणून त्यांनी चहालाही न थांबता टेम्पो फिरवला.

जुनं पेट्रोल उपसून टाकलं होतं, आता नव्या पेट्रोलने टाकी भरायची. अप्पांनी ऑइलचं माप हातात घेतलं. दादा नकळत एक पाऊल पुढे आला, बघायला.

"तोंड फिरवा," अप्पा म्हणाले. "सगळ्यांनी."

सगळ्यात आधी दादा वळला. अंगणात चौघांपैकी तिघं भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि मागे ऑइल ओतल्याचा, मग डबा हलवल्याचा आवाज ऐकत राहिले. धाकटीला हसू आवरत नव्हतं.

पहिली किक फुकट गेली. दुसरीही. तिसरीला निळा धूर भप्पकन उठला आणि सवत बोलायला लागली, टिंग टिंग टिंग टिंग, तिचा तो भांडखोर आवाज सगळ्या गल्लीभर झाला. आईने कानांवर हात ठेवले आणि तोंडभर हसली.

"जास्त ताणू नका हं अप्पा, रिंगा नव्या आहेत," धाकटी ओरडली.

"बाजारापर्यंतच जातो. काय आणायचं गं?" अप्पांनीही ओरडूनच विचारलं.

आईने सांगितलं. मीठ, साबण, दोरीचा गुंडा, दिव्याचा बल्ब, लिंबं, घड्याळाला घालायचं तेल. दादा खिशातलं पेन काढत पुढे झाला. आईने त्याच्या हातावर हळूच हात ठेवला आणि पेन पुन्हा खिशात ढकललं.

अप्पा परत आले तेव्हा पिशवीत सगळं होतं. आणि आईने न सांगितलेली एक वस्तूसुद्धा होती, टाचण्यांची पुडी. ती त्यांनी आईच्या फडक्याशेजारी ठेवली आणि घड्याळाला किल्ली द्यायला आत गेले.