सासऱ्याची गोळी, सुनेची गोळी

त्या घरात माणसांच्या आधी सुनेच्या भुकेला जाग यायची. पोटात कावळे ओरडतात असं आपण म्हणतो, पण हिच्या पोटात कावळ्यांची शाळाच भरायची. बाहेर नीट उजाडलेलंही नसायचं आणि ही ओट्यापाशी उभी राहून उकडलेली अंडी, पाव, लोणी, काकडी, जे हाताला लागेल ते खात असायची. खाऊन झालं की डब्याआड ठेवलेल्या पाकिटातून एक पांढरी गोळी काढायची, पाण्याबरोबर गिळायची आणि पाकीट परत डब्याआड सारायची.

ती सोफे आणि खुर्च्यांच्या गाद्या बनवायची. रस्त्याला लागून छोटं दुकान होतं. जुनं कापड उसवायचं, मोडक्या स्प्रिंगा बदलायच्या, नवा फोम भरायचा, वर रेक्झिन ताणून बसवायचं. तिच्या हातची खुर्ची कुरकुरत नाही असा लौकिक होता. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. सासरे शाळेत खेळाचे मास्तर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्लीत सगळे त्यांना मास्तरच म्हणत, आणि तेही रस्ता ओलांडताना अजून छाती पुढे काढूनच चालत. सासूबाई हिच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात माणसं म्हणजे ही तीनच.

चौथं येता येता तीनदा राहिलं होतं. तिन्ही वेळा दिवस राहिले, तिन्ही वेळा तिसरा महिना पुरा व्हायच्या आत सगळं संपलं. पहिल्या खेपेला नातेवाइकांना आनंदाने फोन झाले आणि नंतर त्याच नातेवाइकांना पुन्हा फोन करावे लागले. तेव्हापासून नवरा-बायकोने कानाला खडा लावला. आता काहीही असलं तरी ते दोघांतच.

मग एक नवीन डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी ढीगभर तपासण्या केल्या, सगळे रिपोर्ट टेबलावर पसरले आणि चष्मा डोक्यावर सरकवून म्हणाल्या, "तुमच्या शरीरातला राखणदार जरा जास्तच कडक आहे असं मला वाटतंय. आत आलेला पाहुणा आहे की चोर, हे न बघताच तो काठी उगारतो. स्टिरॉइडची छोटी गोळी दिली तर तो थोडा सुस्तावेल. काही जणींना याचा गुण येतो, काही जणींना येत नाही. मी वचन देणार नाही. पण लक्ष ठेवून करायचं असेल तर करून बघू."

"करून बघू," ती लगेच म्हणाली. वचन न देणारी डॉक्टर तिला आवडली होती.

गोळी सुरू झाली आणि घरातलं वातावरण पालटलं. झोप पहाटेच उडायची, भूक आवरायची नाही, आणि अंगात अशी तरतरी की हात स्वस्थ बसायचे नाहीत. महिनाभर रेंगाळलेलं एका नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं काम तिने आठवड्याभरात हातावेगळं करत आणलं. गाल मात्र दिवसेंदिवस गोल होत चालले. नवरा म्हणायचा, "तुझ्यात चांगला फोम भरलाय कुणीतरी." ती उशी फेकून मारायची.

एका पहाटे ती तिसऱ्या अंड्यावर असताना स्वयंपाकघराच्या दारात मास्तर उभे राहिले. ती दचकली. तोंड भरलेलं, त्यामुळे बोलताही येईना.

मास्तरांनी शांतपणे खुर्ची ओढली, तिच्यासमोरची पावाची ताटली स्वतःकडे घेतली आणि एका पावाला लोणी फासायला लागले. मग सहज विचारावं तसं म्हणाले, "कितीची आहे?"

"काय बाबा?"

"गोळी. सकाळी खाऊन घ्यायची असते ती."

मास्तरांनी खिशातून स्वतःचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. तस्सं पाकीट, तश्शी गोळी. त्यांच्या सांध्यांना सूज यायची, बोटं आखडायची, म्हणून गेली दोन वर्षं तेही हीच गोळी घेत होते. औषध मुलगाच आणून द्यायचा. नाव वाचायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

"माझी पाचची," मास्तर म्हणाले.

"माझी दहाची," ती हळूच म्हणाली.

"म्हणजे मानाने तू मोठी."

तिला आधी हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. दोन्ही एकदम आल्यामुळे अंड्याचा घास घशात अडकला. मास्तरांनी पाण्याचा पेला पुढे केला. "चेहरा बघून महिन्यापूर्वीच ओळखलं होतं," ते म्हणाले. "मलाही असेच गाल आले होते, आठवतं? शाळेतली जुनी पोरं भेटली की म्हणायची, सर, तब्येत सुधारली. तू सांगशील म्हणून थांबलो होतो, पण रोज पावाचा डबा रिकामा सापडायला लागला. माझ्याही पोटाचा प्रश्न आहे."

मग तिने सगळं सांगितलं. मास्तरांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "उद्यापासून अंडी मी उकडतो. तुला ती नीट उकडता येत नाहीत."

त्या दिवसापासून पहाटेचा खाण्याचा कार्यक्रम दोघांचा झाला. डॉक्टरीणबाईंनी साखर तपासून गोड कमी करायला सांगितलं होतं, म्हणून मास्तरांनी बिस्किटांचा डबा सरळ शेजारी देऊन टाकला आणि स्वतःही गोड बंद केलं. आयुष्यभर सुनेशी "चहा झाला का" आणि "दार लावून घे" याच्या पलीकडे न गेलेला हा माणूस आता पाव भाजता भाजता शाळेतले किस्से सांगायचा. एक मुलगा लांब उडीच्या खड्ड्यात झोपून गेला होता आणि पुढचा त्याच्यावरच येऊन पडला, हा किस्सा त्यांनी निदान पाचदा सांगितला. ती पाचही वेळा हसली.

काही महिने असेच गेले. दर महिन्याला वाट पाहायची, दर महिन्याला "पुढच्या वेळी" म्हणायचं. आणि मग एका सकाळी, नवरा कामावर गेल्यावर, तिने न्हाणीघरात जाऊन तपासणीची पट्टी पाहिली. दोन रेघा होत्या. तिने ती उजेडात नेऊन पाहिली, खिडकीपाशी नेऊन पाहिली, चष्मा पुसून पाहिली. रेघा दोनच राहिल्या.

नवऱ्याला फोन लावला तेव्हा तो एका उंच इमारतीत बंद लिफ्टच्या टपावर बसून काम करत होता.

"राहिलेत," ती म्हणाली.

"काय राहिलंय? आणतो येताना."

"अरे, दिवस."

नंतर कळलं ते असं, की तो हातातला पाना मांडीवर ठेवून टपावरच बसून राहिला होता. खाली ताटकळलेल्या लोकांनी हाका मारल्या तेव्हा कुठे तो हलला. बाहेर आल्यावर एका आजींनी विचारलं, "मोठा बिघाड होता का रे?" तो म्हणाला, "नाही हो आजी, सगळं फारच छान आहे." आजी म्हणे त्यानंतर जिन्यानेच गेल्या.

मास्तरांना संध्याकाळी सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि अंगणात जाऊन उगाच झाडांना पाणी घातलं. झाडांना सकाळीच पाणी घातलेलं होतं.

आता दुकानात चिकटवायच्या सोल्युशनचा वास तिला चालणार नव्हता. ते काम मास्तरांनी अंगावर घेतलं. बोटं आखडायची तरी ब्रश धरता येत होता. दुकानाबाहेर स्टूल टाकून ते फोमला सोल्युशन लावत बसायचे आणि तिने आत काही जड उचललं की बाहेरून शिट्टीसारखा आवाज काढायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं, नवीन नोकर ठेवलाय.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना मास्तरांची धाकटी बहीण दोन दिवसांसाठी राहायला आली. आत्याबाई मनाने चांगल्या, पण जिभेला हाड नाही. आल्या आल्या त्यांनी सुनेचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "अगं, हे काय? गाल आहेत की बन?" मग ओट्यावरचं पाकीट त्यांच्या नजरेला पडलं. नाव वाचता येईना म्हणून त्यांनी फोनवर भाच्याला, म्हणजे हिच्या नवऱ्याला, विचारलं, आणि भोळेपणाने तो गोळीचंही आणि दिवसांचंही सांगून बसला.

"स्टिरॉइड?" आत्याबाई मटकन बसल्या. "ती पैलवान खातात ना? आणि तू पोटुशी असताना खातेस? माझ्या ओळखीच्या एकीला डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा नको म्हणून. बाळाला काय काय होईल, विचार तरी केलास का?"

विचार तिने केला होता, पण आपण केलेला विचार दुसऱ्याच्या तोंडून ऐकला की तो वेगळाच वाटतो. दिवसभर तिचं कामात लक्ष लागलं नाही. कापायला घेतलेलं रेक्झिन उलट्या बाजूने कापलं गेलं. आधीची तीन वेळा गेलेली बाळं, आणि आता हे. याला वाचवायच्या नादात यालाच काही झालं तर?

दुसऱ्या दिवशी पहाटे अंडी खाऊन झाली. मास्तरांनी आपली गोळी घेतली. तिने तिची हातात घेतली, पाणी प्यायली, आणि गोळी गुपचूप गाऊनच्या खिशात टाकली. चाळीस वर्षं पोरांच्या कॉपीवर नजर ठेवलेल्या माणसापुढे ही चलाखी कितीशी टिकणार.

"खिशातली पण घ्यायची असते," मास्तर म्हणाले.

ती खाली बघत म्हणाली, "बाबा, भीती वाटतेय."

"वाटणारच. मलाही वाटते." त्यांनी खुर्ची तिच्याजवळ सरकवली. "बंद करायचीच असेल तर करू. पण ही गोळी अशी मनाला येईल तेव्हा सोडायची नसते. पायरी पायरीने उतरवतात, हे मला पहिल्या दिवशी बजावलंय. आज घे. नऊ वाजता डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. त्या म्हणतील ते करू. माझ्या बहिणीने सांगितलं म्हणून नको, आणि मी सांगितलं म्हणूनही नको."

तिने घेतली. नऊला दोघं दवाखान्यात हजर. मास्तर बाहेरच्या बाकावर बसले, ती आत गेली. नवरा दूरच्या कामावर गेला होता, तो थेट तिथेच येणार होता, पण रस्त्यात अडकला.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. आत्याबाईंना त्या हसल्या नाहीत. "विचारलंत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "कोणतंच औषध अगदी निर्धोक नसतं. म्हणून तर साखर बघते, रक्तदाब बघते, आणि डोस लहान ठेवलाय. या डोसला बाळापर्यंत फारच थोडं पोचतं. पैलवानांची ती औषधं वेगळीच, त्यांचा आणि या गोळीचा काही संबंध नाही. पहिले तीन महिने पार पडले की मी स्वतःच हळूहळू कमी करत जाईन. आणि आता आलाच आहात तर सोनोग्राफी करून घेऊ. मिस्टर आलेत का?"

"नाही. सासरे आलेत."

"मग ते बाहेरच बसतील."

तिने क्षणभर विचार केला. "नको," ती म्हणाली, "त्यांना आत बोलवा."

मास्तर आत आले ते थेट भिंतीपाशी गेले, पलंगाकडे पाठ केली आणि भिंतीवरच्या सोनोग्राफीच्या पडद्याकडे तोंड करून सावधानमध्ये उभे राहिले. खोलीत थोडा वेळ नुसती यंत्राची घरघर. तिने डोळे मिटून घेतले होते. गेल्या खेपेला ह्याच वळणावर डॉक्टर बोलता बोलता गप्प झाले होते.

आणि मग आवाज आला. धडधड धडधड धडधड, इतक्या घाईघाईने, की जणू कुणी अनवाणी पायांनी मैदानावरून सुटलंय.

मास्तरांचा हात सवयीने मनगटावर गेला, घड्याळाकडे. ते ऐकत राहिले. "कोण पळतंय एवढ्या जोरात?" ते म्हणाले.

"तुमचं नातवंड," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ती पलंगावर पडल्या पडल्या हसत सुटली. पोट हलायला लागलं तशी पडद्यावरची चित्रंही हलायला लागली आणि डॉक्टरीणबाईंनी तिला दटावलं. त्याच वेळी नवरा धापा टाकत दारात आला. त्याच्यासाठी तो आवाज पुन्हा ऐकवावा लागला. मग मास्तरांनी, स्वतःसाठी म्हणून, तिसऱ्यांदा मागितला.

तिसरा महिना सरला. चौथ्यात गोळी अर्धी झाली, मग पाव, मग एके दिवशी पूर्ण बंद. बंद झाली त्या आठवड्यात तिघांचाही जीव टांगणीला लागला होता. घरात कुणी मोठ्याने बोलेना. पण काहीच वाईट झालं नाही. उलट एका दुपारी दुकानात, ती एका आरामखुर्चीच्या पाठीवर कापड ताणत असताना, पोटात आतून कुणीतरी टिचकी मारली. तिने कापड सोडून दिलं. मास्तर स्टुलावरून उठून आले. "काय झालं?"

"लाथ मारली बहुतेक."

"डाव्या पायाने की उजव्या?" मास्तरांनी अगदी गंभीरपणे विचारलं.

मुलगी झाली. ठरलेल्या दिवसाच्या थोडी आधी आली, वजनाने जरा कमी, पण ठणठणीत, आणि रडण्यात कुणाला हार न जाणारी. नवऱ्याने तिला पहिल्यांदा घेतलं तेव्हा त्याच्या हातांवर काळ्या ग्रीसचे डाग अजून तसेच होते; कितीही घासले तरी जात नव्हते. नर्सने त्याला दोनदा हात धुवायला पाठवलं, तिसऱ्यांदा तिनेच कंटाळून टॉवेल दिला.

आत्याबाई दुसऱ्या दिवशी आल्या. बाळाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, हातापायांची बोटं मोजली, कान तपासले. मग सुनेच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "मी उगाच बोलले गं त्या दिवशी."

"तुम्ही बोललात म्हणून तर मी डॉक्टरांकडे गेले," सून म्हणाली. आणि ते खरंच होतं.

मास्तर खिडकीपाशी बसून होते. बाळाला घ्या म्हटलं की "आधी सगळ्यांचं होऊ दे" म्हणत टाळत होते. शेवटी सुनेनेच त्यांच्या मांडीवर उशी ठेवली आणि उशीवर बाळ. मास्तरांनी दोन्ही कोपर उशीला टेकवले आणि श्वाससुद्धा जपून घ्यायला लागले. बाळाने एक जांभई दिली, एक डोळा उघडून आजोबांकडे पाहिलं, काही विशेष वाटलं नसावं, परत मिटला.

थोड्या वेळाने नवरा म्हणाला, "बाबा, द्या आता इकडे. तुम्ही चहा घेऊन या."

"तू घेऊन ये," मास्तर म्हणाले. "माझा इथून उठायचा विचार नाही."