डबल बेल

“चला, चला, पुढे सरका, दारात गर्दी करू नका. मागे सगळं रिकामं आहे.”

मागे रिकामं काहीही नव्हतं. आमच्या नव्या घराचा बोळ इतका अरुंद की बाबागाडी मध्ये आली की बाकीच्यांनी भिंतीला चिकटून उभं राहायचं. त्या बोळात हॉस्पिटलच्या नव्या कोऱ्या गणवेशात मी, पाठीवर स्वतःपेक्षा मोठं दप्तर घेऊन आमची टिकली, बाबागाडीत बाळ आणि दाराशी मास्तर. एका हातात किल्ली आणि दुसरा हात वर, छताला दांडी असल्यासारखा.

मास्तर म्हणजे माझा नवरा. तिकडे, मायदेशी, ते सिटी बसवर कंडक्टर होते आणि मी सकाळच्या ड्यूटीला रोज त्यांच्याच बसने जायचे. “सिस्टर, पुढे चला,” असं ते म्हणायचे आणि “मास्तर, पाय ठेवायला जागा नाही,” असं मी. पुढे लग्न झालं, दोन मुलं झाली, तरी हाका त्याच राहिल्या. टिकलीला बरेच दिवस वाटायचं, सगळ्यांचे आईबाबा एकमेकांना असंच म्हणतात.

“किल्ली घेतली का?” मी विचारलं.

“ही काय हातात. आता नाही फसत.”

इथलं दार ओढलं की आपोआप कुलूप लागतं. आल्या आल्या मास्तर बनियनवर कचरा टाकायला खाली गेले आणि वर येऊन बघतात तर दार बंद. मी मुलांना घेऊन बागेत गेलेली. परत आले तेव्हा हे जिन्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हसून नमस्कार घालत होते. अर्ध्या इमारतीशी आमची ओळख त्या दिवशी झाली, आणि तीही बनियनवर.

त्यांना इथलं सगळंच आवडायचं. रस्ता ओलांडायला बटण असतं याचं तर इतकं कौतुक की पलीकडे काही काम नसताना बाळाला घेऊन पलीकडे जाऊन यायचे. सामानाचा टेम्पो आला त्या दिवशी तो मागे घेताना हे धावत मागे जाऊन उभे राहिले आणि पत्र्यावर थापा मारत “येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या,” सुरू. टेम्पोवाला बिचारा पांढराफटक होऊन खाली उतरला. त्याला वाटलं, कुणीतरी चाकाखाली आलं. मास्तरांनी त्याला मिठी मारली, पाणी पाजलं आणि वर येऊन मला म्हणाले, “गाडी फार सुंदर आहे, सिस्टर. मागे कॅमेरा आहे म्हणे.”

आजचा दिवस मोठा होता. टिकलीची शाळा सुरू होणार होती आणि माझी पहिली ड्यूटीही आजच होती. एकाच बसने आधी शाळा आणि पुढे शेवटच्या स्टॉपला हॉस्पिटल. आठवडाभर मास्तर बाळाला घेऊन त्या बसने नुसते फिरले होते, मध्ये कुठेही न उतरता. सगळे स्टॉप त्यांना पाठ. घरी रिकाम्या खोक्यांची रांग लावून ते आणि टिकली बस बस खेळायचे. ती शेवटच्या खोक्यात उभी राहून तोंडाने टणटण अशी डबल बेल द्यायची आणि मग बाबांनी गाडी सोडायची.

हा सगळा आनंद बघून मला खरं तर धडकी भरायची. माणूस इतका खुश कसा असेल? नोकरी मला लागली होती, त्यांना नाही. इथल्या बसमध्ये कंडक्टर नावाचा माणूसच नसतो. मास्तर बिनपगारी रजा काढून आले होते, ती महिनाअखेरीला संपणार होती. तोपर्यंत ठरवायचं होतं, कायमचं सोडायचं की परत जायचं. ते परत गेले असते तर मी एकटी मुलांना घेऊन इथे राहिले नसते, हे दोघांनाही माहीत होतं. पण त्यावर ते चकार शब्द काढत नव्हते आणि विचारायची मला हिंमत नव्हती.

बस आली. ड्रायव्हर एक बाई होत्या, आखूड केसांच्या, हातात जाड कडं. मास्तरांनी त्यांना ओळखीचं हसून दाखवलं, बाबागाडी मधल्या दाराशी तिच्या जागेत लावली, ब्रेक पायाने दाबून बघितला, आम्हाला दोन सीट मिळवून दिल्या आणि स्वतः उभे राहिले.

“बसा ना,” मी म्हटलं.

“बसून बस दिसत नाही.”

टिकली पाय हलवत सगळ्या बसला आपले नवे बूट दाखवत होती. खिडकीतून इमारती, बाग, सायकलींची रांग जात होती आणि मास्तर पुढचा स्टॉप यायच्या आधी त्याचं नाव सांगत होते. बसमधली यंत्रातली बाई तेच नाव त्यांच्यानंतर सांगायची. “बघ,” ते मला म्हणाले, “माझं ऐकून सांगते.” मी पोटभर हसले. पहिल्या ड्यूटीची भीती कुठल्या कुठे गेली.

पुढच्या स्टॉपला काठी घेतलेल्या एक आजी चढल्या. मास्तरांनी त्यांना हात देऊन बसवलं, मागे वळून दार पाहिलं आणि हात आपसूक खांबावरच्या लाल बटणाकडे गेला. टणटण. बस निघाली.

बस तशीही निघणारच होती. पण मास्तरांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. आपल्या घंटीवर गाडी निघाली, असंच त्यांना वाटलं. टिकलीने टाळ्या पिटल्या.

ते बटण उतरायचं असेल तर दाबायचं असतं. त्यामुळे पुढच्या स्टॉपला बस थांबली, दार उघडलं आणि कुणीच उतरलं नाही. चढणाराही कुणी नव्हता. मास्तरांनी डावीउजवीकडे बघितलं, सगळं मोकळं, आणि पुन्हा डबल बेल दिली. मिटत आलेलं दार पुन्हा उघडलं. मास्तर चक्रावले. दार मिटायला लागलं, त्यांनी परत टणटण केलं, दार परत उघडलं. लोक माना वळवून बघायला लागले. मी त्यांचा शर्ट ओढला, पण हात सवयीचा होता, तो ऐकेपर्यंत आणखी एकदा वाजवून मोकळा झाला.

ड्रायव्हरबाई उठून मागे आल्या. उतरायचं कुणाला आहे, असं त्यांनी इथल्या भाषेत विचारलं, आणि मग टिकलीकडे बघून पोरांनी बटणाशी खेळायचं नसतं असं काहीसं बोलल्या. भाषा कळली नाही तरी सूर टिकलीला कळला. तिचे ओठ थरथरायला लागले.

“मी नाही केलं,” ती मराठीत म्हणाली. “बाबांनी डबल बेल दिली.”

मास्तरांनी वर्गातल्या मुलासारखा हात वर केला. बाईंनी एक बोट दाखवलं, मग बाहेर रस्त्याकडे खूण केली. एकदा दाबायचं, तेही उतरायचं असेल तरच. मास्तरांनी मान डोलावली. बाई पुढे गेल्या, दार मिटलं आणि बस निघाली.

आणि मास्तर बसले. माझ्या शेजारी, हात मांडीवर ठेवून. बसमध्ये बसलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. पुढच्या स्टॉपचं नाव यंत्रातल्या बाईने एकटीनेच सांगितलं.

“बाबा, इथे डबल बेल नसते?” टिकलीने विचारलं.

“नसते गं.”

“मग गाडी सोडतं कोण?”

“ड्रायव्हरच. आरशात बघून.”

“आणि मागे कोण बघतं?”

“मागे कुणी नसतं,” मास्तर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

मला राहवलं नाही. “मास्तर,” मी म्हटलं, “परत जायचं असेल तर आत्ता सांगा. मी आज ड्यूटीवर गेले नाही तरी चालेल. खरंच चालेल.”

त्यांनी माझ्याकडे मी काहीतरी अचाट बोलल्यासारखं बघितलं. “वेडी आहेस का? पॅसेंजर बसवून अर्ध्या रस्त्यात उतरवतं का कुणी?”

“मी थट्टा करत नाहीये.”

“मी तरी कुठे करतोय? तुला शेवटपर्यंत जायचंय. नोकरीचं मी आजच कळवून टाकतो, सोडली म्हणून.” मग बुटांकडे बघत म्हणाले, “बुटांचे सोल झिजले होते माझे, तेवढं उभं राहून. आता जरा बसतो.”

मी गणवेशाच्या बाहीने डोळे पुसले. नव्या कापडाने डोळे पुसले जात नाहीत, हे तेव्हा कळलं.

टिकली मात्र आपल्याच विचारात होती. “बाबा, आपल्याला उतरायचंय ना? मग किती वाजवायची?”

मास्तरांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी शेजारीच होते. “एकदा,” ते म्हणाले. “एकदा म्हणजे थांब. अगं, हे तर तिकडच्यासारखंच आहे. सिस्टर, ऐकलंत का, सिंगल बेल सेम आहे. निम्मी भाषा येतेच की आपल्याला.”

ते उठून उभे राहिले, त्यांनी टिकलीला उचललं आणि तिने गंभीर चेहऱ्याने बटण एकदा दाबलं. पुढे लाल दिवा लागला. शाळेच्या स्टॉपला बस बरोबर थांबली आणि टिकलीने बसभर असं बघितलं की त्या काठीवाल्या आजींनाही हसू आलं.

“चला, चला, आधी उतरणाऱ्यांना वाट द्या,” मास्तर म्हणाले, आणि वाट अडवणारी मीच होते, बाळाचा पापा घेत. त्यांनी बाबागाडी अलगद खाली घेतली, टिकलीला उतरवलं. मी आत एकटी उरले. दार अजून उघडंच होतं.

मास्तरांनी खालून पायरी बघितली, पुढे बघितलं, मागे बघितलं. मग बसच्या अंगावर हाताने दोन थापा मारल्या. धप्प, धप्प.

आता बाई पुन्हा उठून येतात की काय? त्यांनी बाहेरच्या आरशात बराच वेळ पाहिलं. मग त्यांचा कड्याचा हात खिडकीबाहेर आला, जरासा वर झाला, दार मिटलं आणि बस निघाली.

मी मागच्या काचेशी धावले. टिकली दोन्ही हात हलवत होती. मीही हलवले. मास्तर एका हाताने बाबागाडी आणि दुसऱ्याने टिकलीचं दप्तर धरून उभे होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. बस वळेपर्यंत त्यांची नजर मधल्या दारावर होती, ते नीट लागलं की नाही ते बघत.