भात निवतोय, घरी ये

मी एक कॅसेट बोलतेय. पण माझी गोष्ट माझ्यापासून नाही, इल-ह्वानच्या आईच्या नवसापासून सुरू होते. सोलमध्ये एका विद्यापीठाच्या फाटकासमोर तिचं घर. चार विद्यार्थी तिच्याकडे भाड्यानं राहत आणि तिच्याच हातचं जेवत. तिच्या एकुलत्या इल-ह्वानला सक्तीच्या लष्करी सेवेत दंगल रोखणाऱ्या पोलिसांत घातलं, तेव्हा ती सप्तर्षींना बोलली होती, "शंभर दिवस पहाटेचं पहिलं पाणी तुमच्यापुढे ठेवीन. माझ्या लेकाच्या अंगावर ओरखडा येऊ देऊ नका." मग रोज परसातल्या लोणच्या-मसाल्यांच्या रांजणांच्या ओट्यावर पांढरी वाटी ठेवून, तळव्यावर तळवा घासत ती उभी राहायची.

माझा जन्म नवस सुरू झाला त्याच वसंतातला. मा रान-ही ही चमचमत्या झग्यात नाचत प्रेमगीतं गाणारी बाई. तिनं एकाएकी एक साधं गाणं गायलं: 'हातातलं खाली ठेव, भात निवतोय, घरी ये.' गाणी तपासणाऱ्या सरकारी साहेबांना वाटलं, पोराला जेवायला हाक मारणारी आई आहे. शिक्का मारून ते मोकळे झाले. प्रत्येक कॅसेटवर देशाची थोरवी सांगणारं एक गाणं घालायचंच, असा तेव्हा नियम होता. त्यामुळे माझ्या एका बाजूला आईची हाक आणि दुसऱ्या बाजूला बँडबाजा.

गाणं रस्त्यावर पोचलं, तेव्हा कुठे साहेबांना उमगलं की त्या हातात पोलिसाची काठी असते. बंदी आली. माझ्या बहिणींना दुकानांतून पोती भरभरून ओढलं, बुटांखाली चुरलं. त्यांच्या फिती आतड्यांसारख्या बाहेर पडल्या. रान-हीला चौकशीला नेलं, ती दोन दात गमावून परतली. विद्यार्थ्यांतलेही काही चिडले, "दगड खाली ठेव म्हणते! सरकारच्या तालावर नाचणारी!" एवढ्याशा गाण्यावर दोन्हीकडून मार.

मला भाडेकरू म्योंग-जिननं सदऱ्यात लपवून आणलं.

"मावशी, ऐका. तुमच्या इल-ह्वानसाठीच आहे जणू."

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. डोळे पुसले. "आणि तुझ्यासाठी नाही का रे? खिशात काय खुळखुळतंय तुझ्या?"

"आधी त्यांना काठ्या खाली ठेवू दे. मग आम्ही."

"मेल्या, तेही हेच म्हणत असतील. चल, जेव आधी."

जूनमधली ती दुपार मला विसरता येत नाही. फाटकापाशी अश्रुधुराची नळकांडी फुटत होती. काठ्या हाडांवर वाजत होत्या. एका मुलीला केसांना धरून दगडी रस्त्यावरून फरफटत नेलं. पेट्रोलच्या बाटल्या पेटून ढालींवर आदळत होत्या, एक शिपाई पेटता पाय झाडत किंचाळत होता. इल-ह्वानच्या आईनं माडीच्या खिडकीतून पाहिलं आणि पहिल्या रांगेतली चाल ओळखली. डावा खांदा जरा पडलेला. तिचाच तो.

तिनं टेपरेकॉर्डर खिडकीत ठेवला, मला आत घातलं, आवाज पुरा चढवला. दोन्हीकडच्या पोरांनी ऐकावं, एवढंच तिच्या मनात. पण घाईत तिनं बाजू पाहिलीच नाही. मी उलटी बसले.

बँडबाजा वाजू लागला. वर देशाची थोरवी, खाली पोलिसांच्या काठ्या.

"वर कोण आहे रे ती? पोलिसांची चमची!" खालून कुणी ओरडलं आणि दगड खिडकीकडे वळले. काच तिच्या कपाळावर फुटली. इल-ह्वाननं वर पाहिलं. रांग मोडून तो पुढे धावला, शिरस्त्राणाची जाळी वर केली, "आई, आत जा! आत जा गं!"

पुढचा दगड त्याच्या उजव्या डोळ्यावर बसला.

ती रक्ताळल्या कपाळानं जिन्यावरून धावली. वर मी वाजतच राहिले. गप्प कसं व्हायचं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

डोळा गेला. नवसाचा तो एक्याण्णवावा दिवस होता. तिनं वाटी ओट्यावर आपटून फोडली.

आठवड्यानं म्योंग-जिन दारात येऊन गुडघ्यांवर बसला. "मावशी, तो दगड माझा होता. खिडकी आपल्या घराची, पुढे धावणारा इल-ह्वान, हे धुरात कळलंच नाही. जाळी वर झाली तेव्हा चेहरा दिसला, पण हातातून सुटला होता."

तिनं कपडे बडवायचं लाकडी धोपाटणं उचललं. पाठीवर एक, दोन, पाच. धोपाटणं रक्तानं ओलं झालं. तो हलला नाही. सहाव्यांदा हात वर गेला आणि तिथेच थांबला. आत इल-ह्वान, डोळ्याला पट्टी बांधून, हळू आवाजात म्हणत होता, "आई, पुरे. खाली ठेव ते."

तिनं ठेवलं. खूप वेळ रडली. मग म्हणाली, "तोंड धू. भात वाढते."

दुसऱ्या पहाटे तिनं नव्यानं पहिला दिवस धरला. ओट्यावर आता दोन वाट्या होत्या.

"दुसरी कुणाची?" इल-ह्वाननं विचारलं.

"दगड मारणाऱ्याची. त्यालाही आई आहे, पण ती दूर गावी असते."

पाण्याची घागर त्यानंच उचलून दिली.

आता माझी फीत सैल झालीय, रान-हीचा आवाज खर्जात घरंगळतो. बंदी कधीच उठली, पण मला कुणी लावत नाही. तक्रार नाही. एवढंच मागते: तुम्हीही आपल्या माणसांसाठी हात जोडत असालच. उद्या पहाटे आणखी एक वाटी भरा. ज्यानं तुमच्या माणसाला दुखवलं, त्याच्या नावानं.